मुरणे आणि शिळे होणे

साके गाळली की वर्षभरात पिऊन संपवावी, असा जपानातला सर्वसाधारण शिरस्ता आहे. ताज्या साकेचा रंग नितळ, वास फुलाफळांचा. नवेपणा हाच तिचा गुण. मग तीन वर्षे, क्वचित वीस वर्षे राखून ठेवलेल्या साकेला मान का मिळावा? दिल्लीच्या ऐन थंडीत, जपानहून परतलेल्या एका स्नेह्याने आमच्यापुढे 'कोशू'चा, म्हणजे जुन्या साकेचा, इवलासा पेला ठेवला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आमच्या जिभेने आधी दिले, बुद्धीने मागाहून.

रंग मधासारखा. वासात करपू लागलेल्या साखरेचा खमंगपणा, खारीक, अक्रोड. आणि तळाशी सोया सॉसची आठवण देणारा एक गंभीर सूर. गोडी होती, पण लाडिक नव्हती. मागून येणारा किंचित कडवटपणा घोट संपल्यावरही रेंगाळत होता. यातले काहीच वरून घातलेले नसते. 'कोजी' नावाची बुरशी तांदळातील पिष्टाची साखर करते, प्रथिनांतून अमिनो आम्ले मोकळी करते. ही दोन्ही वर्षानुवर्षे एकमेकांत गुंततात. भाकरीचा पापुद्रा ज्या क्रियेने तांबूस होतो, तीच तेथे विस्तवावाचून चालते. उलट, तांदळाचा निम्माअधिक भाग घासून टाकून केलेली उंची 'दाइगिंजो' गारव्यात ठेवली, तर तिचा रंग फारसा पालटत नाही. ती नुसती मवाळ होते.

१६९७ सालच्या 'होन्चो शोक्कान' या ग्रंथात तीन ते पाच वर्षांच्या साकेची थोरवी सांगितली आहे. पुढे मेजी राजवटीत कर बसला, तो विक्रीवर नव्हे, साके तयार होताच. न विकलेल्या मालावर कर भरून वाट कोण पाहणार? जुनी साके जवळजवळ नाहीशी झाली. १९४४ साली तो कर गेला, तरी हरवलेली चव परतायला पुढे कित्येक वर्षे लागली. आम्ही सरकारी कारकून. एका कलमाने एका राष्ट्राची जीभ कशी बदलते, हे आम्हांस चटकन उमजले.

उजेडात, उष्म्यात विसरलेल्या साकेलाही वय येते. पण तिच्या कुबट वासाला जपानी लोक 'हिनेका' म्हणून नाक मुरडतात. आपल्याकडेही लोणचे मुरते आणि भात शिळा होतो; काळ दोघांवरून सारखाच जातो. कचेरीत आमची १२ वर्षे झाली. सेवापुस्तकात त्यांची नोंद बिनचूक आहे. ती मुरण्यात गेली की शिळे होण्यात, याला मात्र तेथे रकाना नाही.