प्रश्न उपस्थित होत नाही

मंगळवारी आणि शनिवारी सौंसरकडच्या जामसांवलीला दर्शनाची गर्दी असते. इथला हनुमंत पिंपळाखाली निजलेला आहे. त्याचं दर्शन घेऊन विधायक बाहेर आले की त्यांना मात्र धड उभंही राहू देत नाहीत लोक. (आमच्याकडे आमदार कोणी म्हणत नाही. मराठीत बोलतानाही विधायकच.) कोणी हार घालतो, कोणी फोटो काढतो, आणि मधूनच एखादा हात पुढे येतो, घडी घातलेला कागद घेऊन. तो कागद माझ्या पिशवीत जातो. मी निज सहायक. कोणाचा, कुठल्या पक्षाच्या माणसाचा, ते सांगत नाही. पिशवी सगळ्यांची सारखीच असते.

रात्री कागद पसरतो. डीपी जळाली, पेन्शन अडली, अशांना फोन पुरतो. काहींना पत्र लागतं. शंभरातला एखादाच कागद असा निघतो, की ज्यावर भोपाळला विधानसभेत प्रश्न लावता येईल. लोकांना विधायक दिसतो तो भाषणात, लग्नात, मयतीत. मला विचाराल तर त्याचं खरं काम त्या एका कागदात आहे. आणि ते काम सोपं नाही, कारण कागद मराठीत असतो आणि प्रश्न हिंदीत.

सुरुवातीची गोष्ट. सौंसरकडचा एक संत्रेवाला आला. म्हणाला, "भाऊ, झाडाखाली सडा पडला जी. हिरवेच्या हिरवे गळले. लिवा, पण असं लिवा का सायबाले पळता नाई आलं पाहिजे." आंबिया बहाराची गळ होती ती. मी नवशिका. ऐटीत लिहिलं, 'संतरा गिरने से किसानों को हुई हानि'. प्रश्न गेला भलत्याच खात्याकडे आणि उत्तरात आले बाजारभाव. खात्यातल्या साहेबांनी वाचलं ते असं की संत्र्याचा भाव गिरला. त्या म्हाताऱ्याला मी ते उत्तर वाचून दाखवलं नाही. 'फल झड़ना' हे दोन शब्द तेव्हापासून डोक्यात कायमचे बसलेत.

दुसरी चूक त्याहून वाईट. 'क्या यह सही है कि' अशी प्रश्नाची सुरुवात. ऐकायला दणदणीत, पण खात्याला तीच हवी असते. प्रश्नाचे क, ख, ग, घ असे तुकडे असतात. 'क'ला त्यांनी 'जी नहीं' म्हटलं, की पुढं एकच ओळ: 'उत्तरांश क के परिप्रेक्ष्य में शेष प्रश्न उपस्थित नहीं होता'. तुमचे ख, ग, घ एका फटक्यात मेले. म्हणून 'क'मध्ये मत मागायचं नाही, तारीख मागायची. पटवाऱ्यानं कोणत्या हलक्यात (म्हणजे त्याच्या सज्जात) कोणत्या दिवशी पाहणी केली, किती प्रकरणं बनली, नुकसानभरपाईच्या राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 प्रमाणे कोणाला किती रक्कम मिळाली. रागाचं एकही विशेषण ठेवायचं नाही. विधायकांना हे पटायला वेळ लागतो. त्यांना गर्जना हवी असते, आणि मी त्यांच्या हाती जमाखर्चाची वही देतो.

एवढं करून तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नांच्या यादीत येणं नशिबाचं. सोडत निघते, दिवसाला पंचवीस प्रश्न छापले जातात, आणि तासभराच्या प्रश्नकालात शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचल्याचं मी क्वचितच पाहिलं. बाकीच्यांना छापील उत्तर. त्यात सगळ्यांत भयंकर वाक्य नकाराचं नसतं. ते असतं, 'जानकारी एकत्रित की जा रही है'.

आमच्या आजोबांच्या काळी हे भाषांतर लागत नव्हतं. 1956पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि 1950च्या कायद्यानं हिंदी व मराठी दोन्ही राजभाषा होत्या. सौंसरचा माणूस सकाळी निघून विधानसभा पाहून संध्याकाळी घरी येऊ शकत होता. 1 नोव्हेंबर 1956ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, आणि सभागृह भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये भरू लागलं. 1996पासून ते चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या नव्या इमारतीत आहे. घटनेचं कलम 210 म्हणतं, ज्या सदस्याला ठरलेल्या भाषांत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. गंमत अशी की आमच्या विधायकांना हिंदी उत्तम येते. त्यामुळे मराठीची परवानगी मागायला तोंडच नाही.

तरी प्रश्नाशिवाय इलाज नाही. 2018 आणि 2023, विधानसभेच्या दोन्ही निवडणुकांत जुन्या छिंदवाडा जिल्ह्याच्या सातही जागा काँग्रेसकडे गेल्या. सौंसरला विजय चौरे, पांढुर्ण्याला निलेश उईके. त्याआधी सौंसरला नानाभाऊ मोहोड होते, भाजपचे, राज्यमंत्रीही झाले. 2018नंतरचे पंधराच महिने काँग्रेसची सत्ता टिकली. विरोधी बाकावरच्या विधायकाच्या हाती प्रश्न सोडला तर उरतं काय?

पण खोटं कशाला बोलू, प्रश्नानं जे होत नाही ते कधी कधी मांडवात होतं. 24 ऑगस्ट 2023ला मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान जामसांवलीला 'हनुमान लोक' या मंदिर-परिसराच्या भूमिपूजनाला आले आणि तिथंच पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा करून गेले. ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून जिल्हा झालाही, आणि 9 ऑक्टोबरला निवडणुकीची आचारसंहिता लागली. मागणी किती जुनी होती, विचारू नका. घोषणेच्या दिवशी मी गर्दीत टाळ्या वाजवल्या आणि मनात जरा खट्टूही झालो. इतक्या कागदांचं मी काय करत होतो? तरी दुसऱ्या दिवशी पिशवीत कागद होतेच. नव्या जिल्ह्यातही संत्री गळतात, आणि कलेक्टर जवळ आला म्हणून हलक्याची पाहणी आपोआप होत नाही.

तुम्ही कधी जामसांवलीला आलात आणि विधायकांच्या हाती कागद द्यायचा झाला, तर एवढं करा. गाव लिहा, हलका नंबर लिहा, नुकसान कोणत्या तारखेला झालं ते लिहा. 'गरीब शेतकऱ्यावर अन्याय' ही ओळ गाळा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, हिंदी मी करतो.