घोट्याची टिपणं

डोंबिवलीत कुणाच्या पायाला प्लास्टर दिसलं की आधी विचारतात, 'कुठे पडलात?' उत्तरं ठरलेली. लोकलमधून उतरताना, पुलाच्या ओल्या पायरीवर, खड्ड्यात, नाहीतर घरच्याच बाथरूममध्ये. घोटा सगळीकडे जवळजवळ एकाच तऱ्हेने मोडतो. पाऊल अडकून राहतं आणि वरचं शरीर फिरतं.

*

जानेवारी 2014 मध्ये घाटकोपरला एका कॉलेजकन्येचे दोन्ही हात गाडीखाली गेले, तेव्हा कुठे गाडी आणि फलाट यांमधली फट कमी करायला फलाटांची उंची वाढवायचा विषय गंभीरपणे निघाला. नुसता पाय मुरगळणाऱ्यांची बातमी होत नाही.

*

नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड यांच्या खाचेत पावलाचं हाड बसतं. ते जेमतेम एक मिलिमीटर बाहेर सरकलं, तर सांध्यातला स्पर्श सुमारे 42 टक्क्यांनी घटतो, असं रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी 1976 मध्ये दाखवलं. 'एवढीशी फट, प्लास्टरवर भागणार नाही का?' या प्रश्नाला सर्जन नकारार्थी मान का हलवतात, ते या एका आकड्यावरून कळतं. आतलं, बाहेरचं आणि मागचं अशी तिन्ही टोकं फुटली तर रिपोर्टवर 'ट्रायमॅलिओलर' येतं आणि सगळं घर मोबाइलमध्ये डोकं घालतं.

*

ऑपरेशनमध्ये बाहेरच्या हाडाचे तुकडे आधी एका स्क्रूने आवळतात, मग त्यावर पातळ प्लेट बसवतात. हाडं ठिसूळ असतील तर लॉकिंग प्लेट. तिच्यात स्क्रूचे आटे प्लेटमध्येच बसतात, त्यामुळे सगळी भिस्त हाडाच्या पकडीवर राहत नाही. काही सर्जन प्लेट मागच्या बाजूने लावतात. तुकडा वर-मागे सरकायला बघतो, ती त्याची वाटच अडवते. कातडीखाली हाताला कमी लागते, पण मागच्या स्नायुबंधांना कधी कधी घासते. आतल्या टोकाला बहुधा स्क्रूच पुरतात.

शेवटी नडगी आणि बाहेरचं हाड एकमेकांपासून फाकतात का, हे सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरच्या एक्स-रेखाली, ओढून पाहतात. फाकत असतील तर आरपार स्क्रू, किंवा बटण लावलेली मजबूत दोरी. हा स्क्रू पुढे चालताना तुटूही शकतो. एक्स-रेत तुटका स्क्रू पाहून घरचे हादरतात, डॉक्टर मात्र बहुतेक वेळा शांत असतात.

*

'प्लेट टाकली, म्हणजे हाड जुळलं.' साफ चूक. प्लेट फक्त धरून ठेवते, जुळायचं ते हाडच जुळतं. म्हणून तंबाखू, मशेरी बंद. डिंकाचे लाडू आणि पाया सूप खुशाल चालू द्या, कॅल्शियमची गोळी चुकवू नका.

*

नातेवाइकांचा सगळ्यात मोठा राग: 'ॲडमिट करून आठवडा झाला, ऑपरेशन का नाही?' निखळलेला सांधा लगेच बसवावाच लागतो. प्लेटसाठी मात्र सूज उतरायची वाट बघतात. घोट्यावर मांस नाही, नुसती पातळ कातडी. सुजलेल्या कातडीला छेद दिला तर टाके उसवतात, जंतू शिरतात. कातडीला सुरकुत्या दिसू लागल्या की सर्जन तारीख देतात. सांध्याचा पार चुरा झाला असेल तर तोवर बाहेरून सळ्यांची चौकट लावून ठेवतात. 1981 च्या बस अपघातात नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय गेला, तोही घोट्याजवळच्या दुर्लक्षित जखमेतून. या भागात हाडाइतकंच कातडीकडे बघावं लागतं, तिथे घाई करणाऱ्या सर्जनपेक्षा थांबणारा मला बरा वाटतो.

*

घरी आल्यावर खरी परीक्षा. साधारण सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, असा जुना शिरस्ता. जोडणी पक्की असेल तर हल्ली लवकरही टेकवू देतात. मधुमेह्यांना मात्र बऱ्याचदा दुप्पट थांबवतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिना बसूनच चढतात-उतरतात. त्यात लाज कसली?

फिजिओथेरपिस्टला इथले लोक धावण्याबद्दल विचारत नाहीत. मांडी घालता येईल का, उकिडवं बसता येईल का, 8.12 ची लोकल पकडता येईल का? उकिडवं बसायला पाऊल वर बरंच वळावं लागतं, आणि ते वळण शेवटी परत येतं. कधी पूर्ण येतच नाही. जिना चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं, तेही याचमुळे. संध्याकाळची सूज वर्षभर रेंगाळू शकते.

*

प्लेट काढायची का? टोचत नसेल तर राहू द्यावी. काढली तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड कच्चंच असतं, तेव्हा त्या काळात चालत्या गाडीतून उडी नको.