धर्मकाटा

जड वस्तू हलविणे हे अंगबळाचे काम आहे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. त्या कामात बळापेक्षा सचोटीची कसोटी अधिक लागते, हे मला एका भाड्याच्या ट्रेलरने शिकविले.

आमचे बालपण जबलपूरच्या खमरियात गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती वसाहत वाढली. 2021 च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. वसाहतीतील माणसांच्या तोंडी मात्र त्याचे जुनेच नाव आहे. माझे वडील तेथे टर्नर होते. 2012 साली निवृत्त झाल्यावर त्यांनी शेजारच्या रांझीत पत्र्याची एक शेड घेतली आणि भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून तीन जुनी यंत्रे विकत घेतली: एक दहा फुटी लेथ, एक शेपिंग मशीन आणि एक रेडियल ड्रिल. दहा वर्षे त्या शेडमध्ये त्यांनी आपले मन रमविले आणि चार पैसेही मिळविले.

2023 च्या आरंभी माझ्या धाकट्या भावाने नोकरी सोडून नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना काढण्याचे ठरविले. नवी यंत्रे घेण्याइतका पैसा त्याच्याजवळ नव्हता. बाबांची नजर अधू झाली होती. यंत्रे मुलाला द्यावीत आणि आपणही नागपूरला राहावयास जावे, असा त्यांनी निश्चय केला. भाऊ तिकडे जागेच्या खटपटीत अडकलेला. म्हणून वाहतुकीचे काम माझ्याकडे आले. भाषांतर आणि संपादन हा माझा व्यवसाय. यंत्रांशी माझा संबंध शब्दकोशापुरताच! तरी कार्यालयातून आठ दिवसांची रजा घेऊन मी खमरियास गेले.

जबलपूर हे खरे पाहता गाड्यांचे गाव. येथील पहिला मोठा सरकारी कारखाना 1904 सालचा, तो तोफगाड्यांचा. 1969 मध्ये येथेच लष्करी वाहनांचा कारखाना निघाला आणि त्यातून शक्तिमान ट्रक बाहेर पडू लागले. अशा गावात तीन यंत्रे वाहून नेण्यास एक गाडी मिळणे अवघड का असावे? पण गाडी मिळणे आणि योग्य गाडी मिळणे यांत अंतर आहे.

एका शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर-ट्रॉली सुचविली. बाबांनी नकार दिला. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॉलीने भाड्याचा माल वाहणे नियमात बसत नाही. शिवाय अशा ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेकही नसतो. उतारावर मागचे ओझेच पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागते. साधा ट्रक का नको, हेही त्यांनी समजावून दिले. ट्रकचा हौदा छातीइतका उंच. लेथचे सारे जडत्व एका टोकाला आणि वरच्या अंगाला असते, त्यामुळे उंचावरून उतरविताना तो सहज कलंडतो. त्याचा बेड बिडाचा. "बीड वाकत नाही, तडकते," बाबा म्हणाले, "आणि तडकलेल्या बेडवर सरळ काम होत नाही." एक क्षण चुकला असता, तर भावाचा कारखाना सुरू होण्यापूर्वीच बंद पडला असता.

म्हणून लो-बेड ट्रेलर हवा होता. त्याचा तळ जमिनीपासून बेताच्याच उंचीवर असतो. मागची फळी उतरवून, खाली लोखंडी नळ्या घालून यंत्र हळूहळू आत ओढता येते. अशा ट्रेलरचे पूर्ण भाडे आम्हास परवडणारे नव्हते. कारण जाण्याबरोबर रिकामे परतण्याचेही पैसे द्यावे लागतात. टोल, खोळंब्याचे पैसे, हायड्रा क्रेन आणि हमालांची मजुरी ही निराळीच. तेव्हा नागपूरहून पोकलेन घेऊन आलेला आणि रिकामा परतणारा एक ट्रेलर आम्ही एका दलालामार्फत ठरविला. दलालाने विचारले, "वजन किती?" लेथचे वजन मला ठाऊक होते. उरलेल्या दोहोंचे मनाशी धरून मी म्हणाले, "चार टन असेल." त्याने ते लिहिले, मी सही केली.

रात्री बाबांनी विचारले, "कागद वाचलास का, बेटा?" मी "हो" म्हणाले. ते खोटे होते. दुसऱ्यांच्या कागदांतला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासणाऱ्या मी आपला कागद न वाचताच घडी घातला होता! मग अंथरुणावर पडून तो वाचला. त्यात दोन गोष्टी होत्या. माल 'मालकाच्या जोखमीवर' जाणार होता. आणि वाटेत सिवनीहून दुसऱ्या कोणाचा रोड रोलर त्याच ट्रेलरवर चढणार होता.

सकाळी मी बाबांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. "वजन विचारायचं नसतं, मोजायचं असतं," इतकेच म्हणाले. दारूगोळ्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाचे ते बोलणे होते. तेथे अंदाजाला जागा नसते.

हिंदी मुलखात वाहनांच्या मोठ्या वजनकाट्याला धर्मकाटा म्हणतात. ट्रेलर प्रथम रिकामा तेथे नेला. काट्याने 17,260 किलो दाखविले. यंत्रे चढविण्यात दुपार गेली. भरलेला ट्रेलर पुन्हा काट्यावर उभा राहिला, तेव्हा आकडा आला 24,100. म्हणजे आमचे ओझे 6,840 किलो. माझ्या चार टनांच्या जवळजवळ पावणेदोन पट. शेपिंग मशीनचे टेबल, चक, व्हाइस, हत्यारांच्या पेट्या, यांतले काहीच माझ्या हिशोबात नव्हते.

दलालास दूरध्वनी केला. तो सहज म्हणाला, "कागदावर चारच राहू द्या. कोण पाहतो?" खरे सांगावयाचे, तर मला मोह झाला. खरे वजन लिहिले की रोलर गळणार आणि त्याच्या भाड्याचा तोटा आमच्या माथी येणार. पण जवळच ट्रेलरचा चालक उभा होता. रोलर चढल्यावर मर्यादेपेक्षा जवळजवळ तीन टन अधिक झाले असते. 2019 च्या सुधारित कायद्याप्रमाणे जादा भाराबद्दल वीस हजार रुपये दंड आहे आणि वर दर जादा टनामागे दोन हजार. शिवाय कुरईचा घाट वाटेत. तेथे ब्रेकवर त्याचाच पाय असणार होता. माझ्या एका अंदाजाची किंमत त्या अनोळखी माणसाने मोजावी काय?

बाबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते चालकाला म्हणाले, "खरं वजन लिहू. जे होईल ते होईल." भाडे बरेच वाढले. ट्रेलरच्या विम्यात आतील माल धरलेला नसतो, हेही तेव्हाच कळले. म्हणून यंत्रांचा प्रवासापुरता वेगळा विमा उतरविला. बाबांनी आपल्या पितळी घागरी आणि माझ्या आईच्या दोन पाटल्या पूर्वीच मोडल्या होत्या, हे मला नंतर समजले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. तिलवाराघाटाच्या पुलावरून नर्मदा ओलांडली. बरगीच्या पुढे बाबांनी ट्रेलर थांबवावयास लावला. साखळ्या पुन्हा तपासल्या, तर एक साखळी चांगली वीतभर सैल झालेली. "पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरांत माल आपली जागा शोधतो," ते म्हणाले, "म्हणून एकदा थांबावंच लागतं." चालकाने साखळी आवळली. ती त्याने लेथच्या लीडस्क्रूवरून नेली होती. बाबांनी ती काढून बेडच्या पायाशी बांधविली. कुरईच्या घाटात, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर, पुढे बंद पडलेला एक ट्रक अकस्मात दिसला आणि चालकाने जोराने ब्रेक दाबला. माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा लेथ जागचा तसूभरही हलला नव्हता. चालक मागे वळून म्हणाला, "बाबूजी, रोलर असता तर..." वाक्य त्याने पुरे केले नाही.

विजापूरच्या बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही तोफ पंचावन्न टनांची आहे असे म्हणतात. अहमदनगरला ओतलेली ती तोफ पुढे परांड्याहून विजापुरास नेताना शेकडो बैल आणि हत्ती लावले होते, असे सांगतात. आमचे ओझे तिच्या आठव्या हिश्श्याचे. पण ते पेलताना आमच्या घराचे तितकेच बळ लागले.

संध्याकाळी हिंगण्यास पोहोचलो. यंत्रे उतरल्यावर बाबांनी पिशवीतून पाणसळ काढून लेथच्या बेडवर ठेवली आणि बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सारल्या. मग ते पेटीवर बसले आणि भावाला म्हणाले, "आता तू चालव." खमरिया सुटल्याचे दुःख त्यांनी तेवढ्या तीन शब्दांत आवरून घेतले.

आपल्यापैकी अनेकांना केव्हा ना केव्हा घर बदलताना, शेती वा दुकान हलविताना मोठी गाडी भाड्याने घ्यावी लागते. त्या वेळी भाव करावा, यात गैर नाही. मात्र वजन आधी मोजावे, कागद पुरता वाचावा आणि काटा जो आकडा दाखवील तोच लिहावा. आपले ओझे आपण कमी लिहिले, तरी ते हलके होत नाही. वाटेत दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर ते पडते. त्या दिवशीची धर्मकाट्याची पावती मी अजून जपून ठेवली आहे.