सोशल डिस्टन्सिंग आम्हाला शिकवता?

शब्दापासूनच सुरुवात करू. 2020 च्या मार्चमध्ये सरकारने, वाहिन्यांनी आणि फोनच्या कॉलर ट्यूनने एकच धोशा लावला: सोशल डिस्टन्सिंग पाळा. मराठीत त्याचे सरळ 'सामाजिक अंतर' झाले. विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो, मग अंतर शारीरिक हवे, सामाजिक कशाला? जागतिक आरोग्य संघटनाही त्याच महिन्यात 'शारीरिक अंतर' म्हणू लागली. आपल्याकडे जुनाच शब्द चालू राहिला. ज्यांच्या आज्या-पणज्यांना सार्वजनिक तळ्याचे पाणी घ्यायला 1927 साली महाडला जावे लागले, त्यांच्या कानाला हा शब्द कसा लागतो? बरे, तेवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण आमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, आपल्या पूर्वजांचे सोवळेओवळे बघा किती शास्त्रीय होते! म्हणजे विटाळालाही विज्ञानाचे सर्टिफिकेट मिळाले.

कुणी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही आजार नाकारणारे नाही. आम्ही मास्क लावला, लस घेतली, वस्तीतल्या घाबरणाऱ्यांना हाताला धरून लसीच्या रांगेत नेले. आमचा प्रश्न विषाणूला नाही, हुकूम सोडणाऱ्यांना आहे.

24 मार्चला रात्री आठला भाषण आणि बाराला देश बंद. मध्ये चार तास. 'घरी राहा, सुरक्षित राहा' हे वाक्य कुणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिले होते? ज्याला घर आहे, घरात नळ आहे आणि एक तारखेला पगार खात्यावर जमा होतो, त्याला. आमच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे झोपतात. संडास सार्वजनिक. पाणी तासभर, तेही रांगेत. वीस सेकंद हात धुवा म्हटल्यावर आमच्या एक मावशी म्हणाल्या, "आधी हंडा तर भरू दे बाबा."

याच मावशी रोज पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर जात होत्या. त्यांना 'कोरोना योद्धा' म्हणण्यात आले. हातमोजे मागितले तर मुकादम उद्या बघू म्हणाला. या 'योद्धा' शब्दाची गंमत नीट समजून घ्या. कामगार पगार मागतो, विमा मागतो, पीएफ मागतो. योद्ध्याने फक्त लढायचे असते. 3 मे ला हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. ती फुले नंतर कुणी झाडली, याची बातमी आमच्या तरी पाहण्यात आली नाही.

रेशनकार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी केंद्राने धान्य जाहीर करायला 14 मे उजाडला. त्याच्या सहा दिवस आधी, 8 मे ला, औरंगाबादजवळ करमाडला 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, थकून रुळावरच झोपले. तेव्हा सुशिक्षित लोक विचारत होते, रुळावर कुणी झोपते का? रस्ता त्यांच्यासाठी मोकळा होता का, हे मात्र विचारले गेले नाही.

आता 14 एप्रिलचे बघा. 2020 ला आम्ही मिरवणूक रद्द करून घरातच जयंती केली. त्याच सकाळी बाबासाहेबांना अभिवादन करून टाळेबंदी 3 मे पर्यंत वाढवण्यात आली. पुढे 6 डिसेंबरला चैत्यभूमीला येऊ नका म्हटले, तेही ऐकले. 2021 च्या 14 एप्रिलला महाराष्ट्रात रात्री आठपासून संचारबंदी लागली आणि त्याच दिवशी हरिद्वारला कुंभमेळ्याचे शाही स्नान झाले, लाखोंच्या गर्दीत. आदल्या वर्षी तबलिगींच्या नावाने एका अख्ख्या धर्माला विषाणू ठरवणाऱ्या वाहिन्यांचा आवाज या वेळी कुठे गेला होता? साथ एकच, मग गर्दीची जात-धर्म बघून नियम का बदलतो?

सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत विचारले गेले, किती स्थलांतरित मजूर मेले? कामगार मंत्रालयाने उत्तर दिले, अशी माहिती ठेवली जात नाही. आणि माहितीच नाही म्हटल्यावर भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही!

म्हणून आम्ही बुद्धविहारात एक वही घातली आहे. नाव, वय, काम, कुठे वारले, दवाखान्यात खाट मिळाली का, घरात रेशनकार्ड होते का, मागे कोण आहे. गेल्या दोन रविवारांत अकरा नावे झाली. त्यातल्या चौघांच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण कोरोना लिहिलेले नाही. त्यांच्या घरच्यांचे अर्ज आम्ही भरून घेत आहोत. तुमच्या वस्तीतही असे कुणी असतील, तर कागद जपून ठेवायला सांगा.