लांडग्याला काय लागतं?

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि पंचाचं काम करतो, बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. वार लागला की नाही, हे फासा ठरवतो. मे महिन्यात गारगोटीला बहिणीकडे गेलो की हे पंचपद माझ्या गळ्यात पडतं. खेळायला भाचा, भाची आणि शेजारची दोन पोरं. नकाशा भुदरगडाचा, कारण तो सगळ्यांनी पायी पाहिलाय.

यंदा वाद झाला वेअरवुल्फवरून, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसावरून. 2014 च्या आवृत्तीत त्याला एक कवच आहे. साध्या शस्त्राने हल्ला करून ठेचा, भोसका, कापा, इजा शून्य. शस्त्र जादूचं हवं, नाहीतर चांदीचा मुलामा दिलेलं. भाची बारा वर्षांची, तिचं पात्र भालेकरी शिपाई. तिने तीनदा फासा टाकला, तिन्ही वेळा भाला बसला आणि तिन्ही वेळा मी 'शून्य' म्हणालो. तिने फासा खाली ठेवला. "मामू, मग मी करू काय?"

आपल्या पकडापकडीत लहान पोराला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. ते पळतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, कारण ते धरलेलंच नसतं. राक्षसाला कवच दिलं की समोरचा खेळाडू नेमका असा लिंबूटिंबू होतो. पाळी आली की भाला मारायचा, आणि तो मोजायचा नाही. पंचाने काळजी घ्यायची ती इथे. राक्षस मरतो की नाही हे नंतर बघता येतं. पोरगी दुसऱ्या दिवशी खेळायला बसते की नाही, हे त्या संध्याकाळीच ठरतं.

जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे कळत होतं. हिरण्यकशिपूचा वर म्हणजे कलमं लावलेला कवचाचा नियमच: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नरसिंहाने एकही कलम मोडलं नाही. संध्याकाळ आणि उंबरठा गाठला. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला खंड 1883 मध्ये लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून आला. त्यातली मायानगरी नुसत्या तलवारीने फुटत नाही, त्यासाठी 'लौह' म्हणजे ती पाटी मिळवावी लागते. पण अशी पाटी आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. माझा लाडका प्रसंग मात्र जरासंधाचा. भीम त्याला चिरतो आणि दोन्ही भाग पुन्हा जुळतात. मग कृष्ण एक काडी चिरून तिचे दोन तुकडे उलटसुलट दिशांना टाकतो. तोंडाने काही सांगत नाही. पंचाने हे शिकावं.

म्हणून भाचीला मी नुसतं शून्य ऐकवलं नाही. पहिल्याच वाराला जखम डोळ्यांदेखत मिटताना दाखवली होती. तिसऱ्यानंतर सांगितलं, की हातात मशाल असलेल्या तुझ्या भावाकडे लांडगा पाठ करत नाही. आगीपासून त्याला कवच नाही. ती मशालीकडे गेलीच नाही. म्हणाली, "त्याला कड्यावरनं ढकलते."

यावर दोन पोरं उठली. पडल्यावर ठेचलंच जातं की, आणि ठेचल्याने त्याला काही होत नाही! मी नियम मोठ्याने वाचला. त्यात शब्द 'हल्ला' असा आहे. ढकलणं हा हल्ला खरा, पण ढकलण्याने इजा होत नाही. इजा जमीन करते, आणि जमीन कुणावर हल्ला करत नाही. कडा 60 फूट, दर 10 फुटांना एक फासा, म्हणजे सहा. बेरीज आली 23. लांडग्याचं बळ 58, त्यामुळे तो मेला नाही, पण लंगडत पळाला. भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता.

भाचा हुशार. लगेच म्हणाला, "मग मी तटावरनं तलवार सोडतो. पडली म्हणजे हल्ला नाही, व्हय का नाही?" नाही. नेम धरलास की हल्ला झाला. तटाची भिंतच ढासळून अंगावर आली तर गोष्ट वेगळी. शेजारचा पोरगा म्हणाला, दूधसागर तलावात बुडवला तर? बुडेल. श्वास कोंडण्याचं कवच त्याला कुठेही लिहिलेलं नाही. धरून ठेवणं तेवढं तुमच्याकडे लागलं.

2025 च्या राक्षसांच्या पुस्तकात हे कवच काढून टाकलंय. आता साधा भालाही लागतो. वाद मिटले, हिशोब सोपा झाला. मला ते रुचलं नाही. वर काढून घेतला तर हिरण्यकशिपू म्हणजे एक अंगापिंडाने थोराड माणूस, त्याच्यासाठी खांब फोडायची गरज काय? आमच्या गारगोटीत जुनीच आवृत्ती चालेल.

लांडगा अजून जिवंत आहे. पुस्तकातल्या भावाने एका शस्त्राला चांदी चढवायला सोन्याची 100 नाणी पडतात, किंवा तेवढ्यातच दहा बाणांना. चौघांकडे मिळून 62 आहेत. तिघांना बाण हवेत, भाची भाल्यावर अडून बसलीय, आणि घोडा विकायचा की नाही यावर परवापासून फोन चालू आहेत.