अर्धें सत्य

माझा पुतण्या वर्षांतून एकदां पाठीवर सॅक अडकवून देशोदेशीं हिंडत असतो. गेल्या वर्षीं तो रवांडाची राजधानी किगाली पाहून आला. १९९४ सालीं त्या देशांत अवघ्या शंभर दिवसांत लक्षावधि तुत्सी लोकांची कत्तल झाली. किगालींतील स्मारकाच्या आवारांत अडीच लक्षांहून अधिक मृतांस मूठमाती दिलेली आहे. हें सांगून झाल्यावर त्यानें सहज विचारलें, "काका, अठ्ठेचाळीस सालीं आपली राजधानी हैदराबाद ना? तेथें असें कांहीं पहावयास मिळेल का?" मजजवळ उत्तर नव्हतें. म्हणून माघांत त्याचीच एक जुनी सॅक पाठीस लावून, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, मी त्याच्याबरोबर परळी वैजनाथास गाडींत बसलों.

ही गाडी उदगीर, भालकी, बीदर अशी जाते. त्या मुलखाच्या कथांवरच आम्ही वाढलों. रझाकारांच्या भयानें १९४८ च्या उन्हाळ्यांत घरास कुलूप लावून आमची मंडळी हद्दीपलीकडे नगर जिल्ह्यांत गेली होती. आजी ती हकीकत सांगूं लागली म्हणजे आम्हां मुलांच्या अंगावर कांटा उभा राही. कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या रझाकारांनीं खेडोपाडीं काय अनर्थ केले, तें आमच्या भागांत कोणास सांगावयास नको. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली, आणि प्रजा मुक्त झाली. पस्तीस वर्षें दर १७ सप्टेंबरला शाळेच्या झेंड्याखालीं मीं हेंच सांगितलें. त्यांत एक अक्षरहि खोटें नव्हतें.

हैदराबादेंत प्रथम बेगमपेठेस जाऊन स्वामी रामानंद तीर्थांच्या समाधीपुढें मस्तक ठेवलें. स्वामीजी एके काळीं आमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक. वाटेंत पुतण्यास शोएबुल्लाखानांची गोष्ट सांगितली. 'इमरोज' पत्राचे हे तरुण संपादक भारतांत विलीन होण्याचा निर्भयपणें पुरस्कार करीत. ऑगस्ट १९४८ मध्यें याच शहरांत त्यांचा खून झाला.

सायंकाळीं चारमिनाराजवळ चहास बसलों. शेजारच्या बाकावर साठीचे एक गृहस्थ होते. आमचें मराठी ऐकून त्यांनीं कोठचे म्हणून विचारलें. बीड जिल्हा म्हणतांच ते म्हणाले, "अब्बा हमारे उधरकेच थे." त्यांनीं सांगितलेलें गांव माझ्या गांवापासून चार कोसांवरचें! मीं उत्साहानें विचारलें, वडील इकडे केव्हां आले? "पोलीस ॲक्शन के बाद." मग हळूहळू त्यांनीं सर्व सांगितलें. घर विणकराचें, रझाकारांत कोणीहि नव्हतें. फौज पुढें गेल्यावर जमाव आला. आजोबा आणि दोन चुलते गांवच्या विहिरींत गेले. बारा वर्षांच्या वडिलांस एका माळ्यानें तीन दिवस कडब्याच्या गंजींत लपविलें आणि रात्रीं भाकरी पोंचविली. हें सांगतांना त्यांच्या स्वरांत आरोप नव्हता. चहाचे पैसे मात्र त्यांनीं मला देऊं दिले नाहींत.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आमच्याच गांवीं मोमीनांच्या आळींत पडक्या भिंतींआड आम्ही मुलें लपंडाव खेळत असूं. ते लोक कोठें गेले, असें एकदां मीं आजीस विचारलें होतें. "गेले," एवढेंच ती म्हणाली. सर्व कथा रंगवून सांगणारी माझी आजी त्या एका शब्दावर थांबली, आणि मीहि पुन्हा विचारलें नाहीं.

पंतप्रधान नेहरूंनीं पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार प्रभृतींच्या मंडळानें १९४८ च्या अखेरीस या राज्याचा दौरा केला. मृतांविषयीं त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. पैकीं औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक मिळून निदान पांच हजार. आकड्यांविषयीं वाद आहे. तो अहवाल सर्वांस पाहतां येऊं लागला तो २०१३ च्या सुमारास. हिंदूंनीं स्वतःचा जीव धोक्यांत घालून मुसलमान शेजारी वाचविल्याचेंहि त्यांत नमूद आहे.

महाभारतांत धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळें वर चाले. अश्वत्थाम्याविषयीं तो अर्धें सत्य बोलला आणि रथ खालीं आला. हा प्रसंग मीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल! शिकवितांना माझा स्वतःचा रथ कोठें आहे, हें पाहिलें नाहीं. रझाकारांचा जुलूम खरा, म्हणून ती विहीर खोटी होत नाहीं. आणि विहीर खरी, म्हणून आमच्या आजीचें भय खोटें होत नाहीं.

गेल्या १७ सप्टेंबरला जुन्या शाळेनें मला बोलाविलें. मीं रझाकारांविषयीं सांगितलें, स्वामीजींविषयीं सांगितलें, आणि नंतर त्या विणकराच्या घराविषयींहि सांगितलें. सभा संपल्यावर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आजच्या दिवशीं हें कशाला?" मीं म्हटलें, "पस्तीस वर्षें राहून गेलें होतें."

इतक्यांत आठवींतील एक मुलगी पुढें आली. "गुरुजी, त्या माळ्याचें नांव काय?"

तें विचारावयाचें माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें. आतां पुन्हा एकदां सॅक पाठीस लावून हैदराबादेस जाणें आहे.