दोन किल्ल्या आणि एक संशय

अगाथा ख्रिस्ती यांची ‘अँड देन देअर वेअर नन’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर आठ पाहुणे आणि घर सांभाळणारं एक नोकर जोडपं अडकतं आणि एकेक जण मरू लागतो. बेट पिंजून काढूनही अकरावा माणूस सापडत नाही, तेव्हा खुनी आपल्यातच आहे हे उघड होतं. इथून संशय वाढत जातो. या संशयामुळे माणसं सावध झाली असा आपला समज होतो, पण कादंबरी नीट वाचली तर उलटंच दिसतं. संशयाने त्यांना वाचवलं नाही. तो खुन्याच्याच कामी आला. खुनी न्यायमूर्ती वॉरग्रेव्ह शेवटच्या कबुलीजबाबात सांगतो, की ज्यांचा अपराध त्याला सौम्य वाटला त्यांना त्याने आधी मारलं. इतरांनी जास्त काळ भीतीत जळावं ही त्याची इच्छा होती. म्हणजे एकमेकांकडे चोरून पाहत काढलेल्या त्या रात्री हा शिक्षेचाच भाग होता.

या संशयाचं मूळ प्रत्येकाच्या स्वतःच्या मनात आहे. पहिल्याच रात्री ग्रामोफोनच्या तबकडीवरचा आवाज दहाही जणांवर एकेका मृत्यूचा आरोप ठेवतो. बहुतेक जण तो नाकारतात, पण आपण काय केलं हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. सभ्य चेहऱ्याआड खून लपू शकतो हे त्यांना दुसऱ्या कोणी शिकवावं लागत नाही. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं प्रत्येकाला समोरच्यात आपलंच रूप दिसतं. म्हणून संशय इतक्या लवकर पसरतो, आणि म्हणूनच तो आंधळा राहतो. तो समोरच्याची पारख करत नाही, आतली भीती त्याच्यावर लादतो.

यावर कोणी म्हणेल, की खुनी खरोखरच त्यांच्यात होता, मग संशय न घेणं हाच वेडेपणा ठरला असता. आक्षेप रास्त आहे. पण इथे सावधगिरी आणि संशय यांतला फरक पाहायला हवा. औषधं आणि विषं कुलूपबंद पेटीत ठेवून ती पेटी दुसऱ्या कुलपाआड ठेवली जाते. एक किल्ली लोम्बार्ड या पाहुण्याकडे, दुसरी ब्लोअर या पाहुण्याकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. ही व्यवस्था सर्वांसमोर ठरते, सर्वांना सारखी लागू होते आणि कोणालाही आधीच दोषी धरत नाही. ती सुचवणारा खुद्द खुनी असला, तरी त्यानंतर विषाने कोणी मरत नाही. तसंच सगळ्यांनी सतत एकत्र राहायचंही ठरलेलं असतं. मरण येतं ते ही शिस्त मोडते तेव्हा. पाहुण्यांतल्या डॉ. आर्मस्ट्राँगचा सगळा रोख लोम्बार्डवर असतो, म्हणून तो मेल्याचं सोंग करण्याच्या न्यायमूर्तीच्या गुप्त बेतात सामील होतो, रात्री एकटाच त्याला भेटायला जातो आणि संपतो. इतक्या प्रतिष्ठित माणसावर शंका घ्यायचं त्याच्या मनातही येत नाही. संशय सगळ्यांवर सारखा पडत नसतो. हुद्दा पाहून तो मान खाली घालतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: संशय कधी कधी बरोबरही निघतो. लोम्बार्ड खरोखरच न्यायमूर्तीचं नाव घेतो. पण त्याच वेळी पाहुण्यांतल्याच व्हेराला आर्मस्ट्राँगबद्दल तितकीच खात्री वाटत असते. बरोबर संशय आणि चुकीचा संशय आतून अगदी सारखे भासतात. पुराव्याच्या कसोटीवर घासल्याशिवाय त्यांतला भेद कळत नाही. न्यायमूर्तीने मेल्याचं सोंग करताच लोम्बार्डचा तो अंदाज वाऱ्यावर विरून जातो. अंदाज खरा होता, पण त्याला आधार नव्हता.

शेवटी समुद्रकिनारी व्हेरा आणि लोम्बार्ड असे दोघेच उरतात. आर्मस्ट्राँगचं प्रेत सापडल्यावर दोघांचाही हिशोब एकच निघतो: मी नाही, म्हणजे हा, मी नाही, म्हणजे ही. खरं तर निर्दोषपणाचा पुरावा दोघांच्याही हाती असतो. ब्लोअरच्या डोक्यावर वरून संगमरवरी घड्याळ पडून तो मेला, तेव्हा हे दोघे एकत्र होते. प्रत्येक जण दुसऱ्याचा साक्षीदार होता. पण ती साक्ष काढायची तर समोरच्याशी बोलावं लागतं, आणि बोलणं आता संपलेलं असतं. व्हेरा त्याचं पिस्तूल लांबवते आणि त्याला गोळी घालते. त्या क्षणी खुन्याला किनाऱ्यावर यावंही लागत नाही. समुद्राने त्यांना जगापासून तोडलं होतं हे खरं, पण एकमेकांपासून तोडलं ते संशयाने; आणि हे दुसरं तुटणंच जीवघेणं ठरलं. दोन किल्ल्या वेगवेगळ्या हातांत ठेवूनही माणसं एकत्र बसू शकतात. संशय मात्र प्रत्येकाला आपल्या मनात कोंडतो, आणि त्या कुलपाची किल्ली दुसऱ्या कोणाच्याच हाती राहत नाही.